सिॲटल-व्हँकुव्हर, वर्ल्ड कप २०२६: इजिप्तचे तीन सामने आणि मधली सीमा

डावखुरा

फुटबॉल वर्ल्ड कपच्या जी गटात इजिप्तचं वेळापत्रक मजेशीर लागलंय. १५ जूनला सिॲटलमध्ये बेल्जियमशी, २१ ला व्हँकुव्हरमध्ये न्यूझीलंडशी आणि २६ ला परत सिॲटलमध्ये इराणशी. बाकीच्या संघांमागे फिरणाऱ्यांना अख्खा खंड पालथा घालावा लागणार, इथे दोन शहरांत काम होतंय. अडचण एकच, मधे अमेरिका-कॅनडाची सीमा आहे आणि ती दोनदा ओलांडायची आहे.

आम्ही चौघे, चौघांचेही पासपोर्ट भारतीय. दोघे भारतातून येणार (एकाकडे अमेरिकेचा बी१/बी२ पर्यटक व्हिसा आहे, दुसऱ्याकडे काहीच नाही), एक अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि एक ग्रीन कार्डवाला. प्रश्न असे:

१. मुक्कामाचं मुख्य ठिकाण सिॲटल की व्हँकुव्हर?
२. ट्रेन, बस की गाडी? सामन्याच्या दिवशी सकाळी निघून पोचता येईल का?
३. कोणाला कोणता व्हिसा आणि कोणत्या क्रमाने?
४. इजिप्त गटातून पुढे गेलं तर कुठे खेळणार? ती तिकिटं आत्ताच शोधायची का?

"होतं सगळं, टेन्शन घेऊ नका" छापाची उत्तरं नकोत, प्लीज.

---

सीमोल्लंघन

आधी तिसरा प्रश्न. बाकीचे तिन्ही त्यावरच लटकलेत.

चौघांची चार वेगळी प्रकरणं आहेत, एकाला लागू पडतं ते दुसऱ्याला नाही.

ग्रीन कार्डवाला: सगळ्यात सुखी. कॅनडासाठी व्हिसा नको, ईटीए (ऑनलाइन प्रवास परवानगी) सुद्धा नको. चालू भारतीय पासपोर्ट आणि मूळ ग्रीन कार्ड, दोन्ही जवळ हवीत. कार्डाची मुदत संपली नाही ना, एवढं आजच बघायला सांगा.

एच-१बी वाला: कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागणारच. अमेरिकेत राहतो म्हणून सूट मिळेल असा गैरसमज सर्रास दिसतो. भारतीय पासपोर्टवर नुसत्या ईटीएने कॅनडात जाता येत नाही. अर्ज ऑनलाइन, फी १०० कॅनेडियन डॉलर, बायोमेट्रिकचे ८५ वेगळे. आधी कधी कॅनडासाठी बोटांचे ठसे दिले असतील तर ते १० वर्षं चालतात, परत द्यावे लागत नाहीत.

परतीचं वेगळं. त्याच्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा संपला असेल तरी ३० दिवसांच्या आतल्या कॅनडा फेरीनंतर 'ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन'खाली परत येता येतं. अटी: आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची नोंद) चालू हवा आणि त्याची तारीख परतीच्या दिवसापलीकडे हवी, पासपोर्ट चालू हवा, आणि त्या फेरीत अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. शेवटची अट लोकांना नडते. "व्हँकुव्हरला जातोच आहे तर जाता जाता स्टँपिंगचंही (पासपोर्टवर नवा अमेरिकी व्हिसा) बघू" असं म्हणून अर्ज टाकला की ही सवलत गेली, आणि मग व्हिसा हातात पडेपर्यंत कॅनडातच मुक्काम. सोबत आय-९४ ची छापील प्रत, आय-७९७ (एच-१बी मंजुरीचं पत्र) आणि शेवटच्या दोन-तीन पगाराच्या स्लिपा ठेवायच्या. आय-९४ निघायच्या आधीच साइटवरून छापून घ्या, स्टेशनच्या रांगेत फोनवर शोधत बसू नका.

बी१/बी२ असलेला: व्हिसावर 'एंट्रीज'समोर 'एम' आहे का बघा. एम म्हणजे कितीही वेळा. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर जुना-नवा दोन्ही पासपोर्ट बरोबर. कॅनडाचा व्हिसा यालाही लागणार.

काहीच नसलेला: याचं काम आज सुरू व्हायला हवं. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरा, १८५ डॉलर भरा, अपॉइंटमेंट घ्या. तिकीट थेट फिफाकडून घेतलेलं असेल तर 'फिफा पास' या सोयीतून मुलाखतीची तारीख लवकरची मिळू शकते. मिळते ती फक्त तारीख. मुलाखत तीच, निकष तेच, आणि नकार आला तर तिकिटाचे पैसे आपोआप परत येत नाहीत. अपॉइंटमेंटमध्ये टाकलेला डीएस-१६० चा क्रमांक आणि मुलाखतीला नेलेल्या कन्फर्मेशन पानावरचा क्रमांक एकच असला पाहिजे. मधे चूक सापडली म्हणून नवा फॉर्म भरलात तर अपॉइंटमेंटमधला क्रमांकही बदलून घ्या, नाहीतर दारातूनच परत पाठवतात.

क्रमाचं म्हणाल तर अमेरिकेसाठी मुलाखतीला पासपोर्ट हातात लागतो आणि व्हिसा मंजूर झाला की ते तो ठेवून घेतात. कॅनडाचं उलट: अर्ज ऑनलाइन, बायोमेट्रिकला पासपोर्ट नुसता दाखवायचा, आणि निर्णय झाल्यावर 'पासपोर्ट पाठवा' असं पत्र येतं तेव्हाच तो द्यायचा. त्यामुळे दोन्ही अर्ज एकाच वेळी चालू ठेवता येतात. मात्र कॅनडाचं पत्र मुलाखतीच्या तोंडावर आलं तर घाईने पासपोर्ट पाठवू नका. पत्रात मुदत दिलेली असते, आधी मुलाखत उरका.

आणि हो, चौघांनी वेगवेगळे अर्ज केले तरी प्रवासाच्या तारखा, सामने आणि हॉटेल चौघांच्या कागदांत सारखे दिसू द्या.

---

ऑफसाइड

सीमोल्लंघन यांनी कागद उरकले, मी तारखा घेतो.

तीन सामन्यांपुरतंच बघू नका. या दोन शहरांतले सामने शेजारी शेजारी मांडले की चित्र वेगळं दिसतं (सगळ्या वेळा तिथल्या, दोन्ही शहरांचं घड्याळ एकच आहे):

१५ जून, सिॲटल: बेल्जियम-इजिप्त, दुपारी १२
१८ जून, व्हँकुव्हर: कॅनडा-कतार, दुपारी ३
१९ जून, सिॲटल: अमेरिका-ऑस्ट्रेलिया, दुपारी १२
२१ जून, व्हँकुव्हर: न्यूझीलंड-इजिप्त, संध्याकाळी ६
२४ जून, सिॲटल: कतारचा शेवटचा गट सामना, दुपारी १२
२४ जून, व्हँकुव्हर: स्वित्झर्लंड-कॅनडा, दुपारी १२
२६ जून, सिॲटल: इजिप्त-इराण, रात्री ८
२६ जून, व्हँकुव्हर: न्यूझीलंड-बेल्जियम, रात्री ८

गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात, म्हणून २४ आणि २६ ला दोन्हीकडे असणं अशक्य. पण १७ ला वर (व्हँकुव्हरला) जायचं आणि २३ ला खाली (सिॲटलला) यायचं ठरवलं तर दोनदाच सीमा ओलांडून पाच सामने होतात: १५, १८, २१, २४ आणि २६. सीमेचे दोन्ही दिवस रिकामे, दोन्हीकडे पुढच्या सामन्याआधी एक रात्र हातात. १९ चा अमेरिकेचा सामना सोडावा लागतो, पण त्या दिवशी तिथे जूनटीन्थची सुट्टी आहे आणि यजमानांचा सामना. तिकीट आणि हॉटेल दोन्ही सगळ्यात महाग असणारा तोच दिवस, सुटला तर सुटला.

भारतातून येणाऱ्या दोघांनी १३ पर्यंत पोचावं. घड्याळात साडेबारा तासांचा फरक आहे आणि पहिला सामना भर दुपारी. आदल्या रात्री उतरून स्टेडियममध्ये पेंगायला एवढे पैसे कोण घालवणार!

आता चौथा प्रश्न. फिफाचा तक्ता आधीच पक्का आहे, त्यामुळे उत्तरही पक्कं देता येतं:

इजिप्त गटात पहिलं आलं तर सामना क्र. ८२, १ जुलै, सिॲटलमध्येच. तो जिंकला तर क्र. ९४, ६ जुलै, तोही सिॲटलमध्ये. म्हणजे जी गटाच्या विजेत्याला सहा जुलैपर्यंत सिॲटल सोडावं लागत नाही.

दुसरं आलं तर ३ जुलैला डॅलसमध्ये (स्टेडियम अर्लिंग्टनला), समोर डी गटातला दुसरा संघ.

तिसरं येऊनही पुढे गेलं तर (१२ तिसऱ्यांपैकी ८ जातात) दोनच जागा शक्य आहेत: ३० जूनला न्यू जर्सी किंवा २ जुलैला व्हँकुव्हर. यातली कोणती हे बाकीच्या गटांचे तिसरे कोण यावर ठरतं, ते गटफेरी संपेपर्यंत कळत नाही.

म्हणून ८२ ची तिकिटं आत्ता घेणं म्हणजे "जी गटाचा विजेता बघू" एवढाच करार. तो बेल्जियम निघाला तरी चालणार असेल तर घ्या. इजिप्तच हवं असेल तर २६ च्या रात्रीपर्यंत थांबून फिफाच्याच पुनर्विक्रीत शोधा. तिथे फिफा घेणाऱ्याकडून १५ टक्के आणि विकणाऱ्याकडून १५ टक्के कापते, पण तिकीट खरं असण्याची खात्री असलेली तीच एक जागा. एका घराला एका सामन्याची ४ आणि अख्ख्या स्पर्धेची ४० तिकिटं ही मर्यादा आहे. तुम्ही चौघेच आहात, त्यामुळे एका खात्यावरून चारही काढता येतील.

---

डावखुरा

हे सोनं आहे! पाच सामन्यांची कल्पना डोक्यातच आली नव्हती.

एक उपप्रश्न. समजा राहिलोच, तर सिॲटल आणि व्हँकुव्हरच्या बादफेरीचे सामने लागोपाठच्या दिवशी दिसतायत: १ आणि २ जुलै, मग ६ आणि ७ जुलै. दोन्ही जोड्या जमतील?

---

रुळावरचा

पहिली जमते, दुसरीत हात पोळतील. का ते कळायला आधी ट्रेन समजून घ्या.

सिॲटलच्या किंग स्ट्रीट स्टेशनवरून व्हँकुव्हरच्या पॅसिफिक सेंट्रलला ॲमट्रॅकची 'कॅस्केड्स' जाते. दिवसाला दोन गाड्या, एक सकाळची, एक संध्याकाळची. उलट दिशेलाही तसंच. प्रवास कागदावर चार तासांच्या आसपास. किंग स्ट्रीट स्टेशन स्टेडियमच्या अगदी शेजारी आहे, चालत दहा मिनिटं.

वर जाताना सिॲटललाच पासपोर्ट-व्हिसा तपासून सीट नंबर देतात, त्यामुळे ४५ मिनिटं ते तासभर आधी पोचा. चौघांना एकत्र बसायचं असेल तर रांगेतही एकत्रच उभे राहा. डाव्या बाजूची सीट मागा, एव्हरेटपर्यंत आणि पुढे बेलिंगहॅमजवळ रूळ अगदी पाण्याला लागून आहेत. कॅनडाची तपासणी व्हँकुव्हरला उतरल्यावर होते, ट्रेन सीमेवर त्यासाठी थांबत नाही.

खाली येताना उलटं. अमेरिकेचं इमिग्रेशन पॅसिफिक सेंट्रल स्टेशनवरच, गाडीत चढण्याआधी. म्हणून तिथे निदान तासभर आधी. पुढे सीमेवरच्या ब्लेनला गाडी थोडा वेळ थांबते, अधिकारी डब्यात चढून कस्टमचं बघतात. फळं किंवा मांसाचे पदार्थ पिशवीत राहिले असतील तर तिथे सापडतात.

उशीर कशाने होतो? रूळ मालगाडीच्या कंपनीचे, बराच भाग एकेरी. त्यात न्यू वेस्टमिन्स्टरला फ्रेझर नदीवरचा रेल्वेपूल फिरता आहे, जहाज आलं की पूल उघडतो आणि ट्रेन उभी. हिवाळ्यात किनाऱ्यावर दरड कोसळून गाड्या रद्द होतात, जूनमध्ये ती भीती कमी. तरी अर्धा-पाऊण तास उशीर गृहीतच धरा. म्हणूनच "सामन्याच्या दिवशी सकाळी निघून" या प्रश्नाचं उत्तर: संध्याकाळच्या सामन्याला जमेल, दुपारच्या सामन्याला अजिबात नाही.

आता तुमचा उपप्रश्न.

१ जुलैचा सिॲटलचा सामना दुपारी १ ला. बादफेरी आहे, म्हणजे जादा वेळ आणि पेनल्टी धरून चारपर्यंत. शेजारच्या स्टेशनवरून संध्याकाळची ट्रेन आरामात मिळते. २ जुलैचा व्हँकुव्हरचा सामना रात्री ८ ला आहे, म्हणजे ट्रेन दोन तास उशिरा पोचली तरी फरक पडत नाही. फक्त १ जुलैला कॅनडा डेची सुट्टी असते, तिकीट लवकर काढा.

६ जुलैचा सामना संध्याकाळी ५ ला. ९० मिनिटांत संपला तरी सात वाजतात, पेनल्टीपर्यंत गेला तर आठ. संध्याकाळची ट्रेन तोवर गेलेली. ७ तारखेचा व्हँकुव्हरचा सामना दुपारी १ ला, आणि सकाळची ट्रेन पोचते बाराच्या आसपास, तीही वेळेवर असेल तर. त्यानंतर कस्टमची रांग, सामान टाकणं, स्टेडियमची तपासणी... नाही जमत.

ती जोडी करायचीच असेल तर कार. ६ च्या रात्री सामन्यानंतर बेलिंगहॅमपर्यंत जा (सिॲटलपासून साधारण १४५ कि.मी.), तिथे झोपा आणि सकाळी सहा-सातला सीमा ओलांडा. सीमा तिथून अर्ध्या तासावर आहे.

---

चेकइन

गाडीबद्दल माझीही एक भर. अमेरिकेत भाड्याने घेतलेली गाडी कॅनडात नेता येते, पण बुकिंगच्या वेळीच तसं सांगून करारावर लिहून घ्यावं लागतं आणि 'नॉन-रेसिडेंट इन्शुरन्स कार्ड' मागून घ्यावं लागतं. काही कंपन्या ठरावीक प्रकारच्या गाड्यांना सीमेपार सोडतच नाहीत. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडायचा विचार करू नका, बहुतेक ठिकाणी मिळत नाही आणि मिळालं तर भाव डोळे पांढरे करतो. आय-५ महामार्गाने गेलात की पीस आर्चचं सीमानाकं लागतं. तिथली रांग लांब असेल तर पूर्वेला काही मिनिटांवर पॅसिफिक हायवेचं नाकं आहे. दोन्हींचा सध्याचा थांबा रस्त्यावरच्या पाट्यांवर दिसतो.

बसला (फ्लिक्सबस वगैरे) सीमेवर सगळ्यांना सामानासकट उतरवतात. एका प्रवाशाचे कागद अडले की अख्खी बस थांबते. पैसे वाचतात, वेळेची शाश्वती नाही.

आता मुक्काम. माझं मत सिॲटल. तुमच्या योजनेत रात्रींची विभागणी साधारण अशी होते: १३ ते १७ सिॲटल, १७ ते २३ व्हँकुव्हर, २३ ते २७ सिॲटल. व्हँकुव्हरच्या सहा रात्री सगळ्यात महाग पडणार, कारणं दोन.

पहिलं कर. व्हँकुव्हर शहरात हॉटेलच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी, ८ टक्के प्रांताचा पीएसटी, ३ टक्के पर्यटन कर, आणि वर २.५ टक्के 'मेजर इव्हेंट' कर. तो शेवटचा या वर्ल्ड कपच्या खर्चासाठीच २०२३ पासून लावलाय. बेरीज १८.५ टक्के. बुकिंग साइटवर दिसणारा आकडा बहुधा याआधीचा असतो. २.५ टक्के फक्त व्हँकुव्हर शहराच्या हद्दीत लागतात, शेजारच्या बर्नाबीला नाहीत.

दुसरं म्हणजे ब्रिटिश कोलंबियात मे २०२४ पासून थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देण्यावर कडक नियम आहे. यजमान स्वतः जिथे राहतो तेच घर (आणि त्याला जोडलेलं एक युनिट) देता येतं. त्यामुळे शहरात अशी घरं कमी, आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक दिसला नाही तर पुढे जाऊ नका. ऐन वेळी ती जाहिरात साइटवरून उडाली तर पैसे मिळतीलही परत, पण जूनमध्ये दुसरी खोली कुठून आणणार?

स्वस्तातले मार्ग: स्कायट्रेन या शहरी रेल्वेच्या एक्स्पो लाइनवर बर्नाबीचं मेट्रोटाउन, न्यू वेस्टमिन्स्टर किंवा सरी. कॅनडा लाइनवर रिचमंड. शिवाय यूबीसी विद्यापीठ उन्हाळ्यात वसतिगृहाच्या खोल्या बाहेरच्यांना देतं. चौघांसाठी एक स्वयंपाकघर असलेलं युनिट मिळालं तर तेच उत्तम, फक्त तिथून शहरात यायला बस लागते.

सिॲटलमध्ये लिंक या शहरी रेल्वेच्या १ लाइनला धरून राहा. उत्तरेला लिनवुड, नॉर्थगेट, यू डिस्ट्रिक्ट, दक्षिणेला सीटॅक, टकविला आणि डिसेंबर २०२५ पासून फेडरल वेपर्यंतही. डाउनटाउनच्या मोहात पडायची गरज नाही. २६ ते २८ जून सिॲटलचा प्राइड (एलजीबीटीक्यू उत्सव) वीकेंड आहे. वर्ल्ड कप नसतानाही त्या दिवसांत खोल्या भरतात, म्हणून शेवटच्या टप्प्याचं बुकिंग सगळ्यात आधी.

आणि सगळं रद्द करता येणारं घ्या. व्हिसा नाकारला म्हणून प्रवास रद्द झाला तर बहुतेक प्रवास विमे पैसे देत नाहीत, त्यामुळे ज्याचा व्हिसा बाकी आहे त्याची तरी खोली रिफंडेबल हवीच. फिफा आणि आयोजक आधी भरपूर खोल्या अडवून ठेवतात, मग नको असलेल्या मोकळ्या करतात. तेव्हा भाव उतरला तर जुनं रद्द करून नवं घ्यायचं.

---

कोपऱ्यावरचा

सामन्याच्या दिवसाबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून.

तिकिटावर 'लुमेन फील्ड' असं शोधू नका, 'सिॲटल स्टेडियम' असं दिसेल. स्पर्धेच्या काळात फिफा प्रायोजकांची नावं काढून टाकते. नकाशात मात्र लुमेन फील्डच टाका. व्हँकुव्हरचं बीसी प्लेस नावानिशी तसंच आहे.

सीटॅक विमानतळावरून लिंक पकडायला पार्किंगच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून लांब चालत जावं लागतं, सामान असेल तर दहा मिनिटं धरा. भाडं सरसकट ३ डॉलर. मशीनमधून ऑर्का कार्ड घ्या (कार्डाचे ३ डॉलर वेगळे), त्यावर दोन तासांत बसमध्ये बदली फुकट होते. कागदी तिकिटावर होत नाही. डाउनटाउनला ४० मिनिटं.

व्हँकुव्हरला क्रेडिट कार्ड थेट स्कायट्रेनच्या गेटवर टॅप करा. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, एका कार्डावर चौघे जात नाहीत. आणि आत जाताना जे टॅप केलं तेच बाहेर पडताना. आत फोनने आणि बाहेर प्लास्टिकने केलंत तर यंत्राच्या लेखी ते दोन प्रवासी.

परतीची गर्दी ही खरी डोकेदुखी. सामना सुटल्यावर सगळे जवळच्या स्टेशनला धावतात. त्याऐवजी ज्या दिशेने जायचंय त्याच्या उलट दिशेला एक-दोन स्टेशनं चालत जा, म्हणजे गर्दीच्या स्टेशनावर पोचायच्या आधी तुम्ही गाडीत बसलेले असता.

सिॲटलमध्ये उत्तरेला (यू डिस्ट्रिक्ट, लिनवुड) जायचं तर इंटरनॅशनल डिस्ट्रिक्ट टाळा आणि दक्षिणेच्या 'स्टेडियम' स्टेशनवर चढा. विमानतळाकडे जायचं तर उत्तरेला पायोनियर स्क्वेअरपर्यंत चाला.

व्हँकुव्हरमध्ये बर्नाबी-सरीकडे जायचं तर स्टेडियम-चायनाटाउन सोडा, ग्रॅनव्हिल किंवा बरार्डला चढा. रिचमंडकडे जायचं तर येलटाउनऐवजी व्हँकुव्हर सिटी सेंटर.

---

ऑफसाइड

पटलं. पण उत्तरेला जाणाऱ्यांनी पायोनियर स्क्वेअरला चालत जाऊ नये का? तेच जास्त मोकळं वाटतं.

---

कोपऱ्यावरचा

फलाट मोकळा असेल, गाडी नाही. उत्तरेकडची गाडी स्टेडियम, मग इंटरनॅशनल डिस्ट्रिक्ट, मग पायोनियर स्क्वेअर अशी येते. तिथे पोचते तेव्हा दोन फलाट भरून घेतलेली असते. मोकळ्या फलाटावर उभं राहून दोन-तीन गाड्या सोडाव्या लागतील.

---

सीमोल्लंघन

दोन राहिलेल्या गोष्टी.

भारतातून येणारे दोघे १३ जूनला विमानाने सिॲटलला उतरले तर आय-९४ तिथेच होतो. कोणी आधी व्हँकुव्हरला उतरून ट्रेनने किंवा गाडीने अमेरिकेत शिरणार असेल तर आय-९४ चे ३० डॉलर भरावे लागतात. ते सीबीपीच्या (अमेरिकेचं सीमा खातं) साइटवर आधीच भरता येतात, नाक्यावरचा वेळ वाचतो.

तिकिटं फक्त फिफाच्या ॲपमध्ये असतात, छापील प्रत नाही, स्क्रीनशॉट चालत नाही. चारही तिकिटं एका खात्यावर असतील तर सामन्याच्या आदल्या दिवशीच ज्याची त्याला ट्रान्सफर करा. चौघांपैकी एक जण रांगेत मागे राहिला आणि फोन त्याच्याकडे, मग बाकीचे तिघे गेटवर ताटकळतात. ट्रान्सफरला समोरच्याचंही फिफा खातं लागतं, ते आजच उघडून ठेवा.

आणि ई-सिम घेताना 'यूएसए' असं लिहिलेलं घेऊ नका, 'यूएसए + कॅनडा' असं स्पष्ट लिहिलेलं घ्या. नाहीतर बीसी प्लेसच्या दारात नेट बंद.

---

डावखुरा

आजचा हिशोब: डीएस-१६० रात्री भरतोय. एच-१बी वाल्याचा आय-९४ बघितला, नोव्हेंबरपर्यंत आहे, पण व्हिसा संपलेला आहे. त्याला स्टँपिंगचा विचार डोक्यातून काढायला सांगितलं. १७ ची सकाळची आणि २३ ची खाली येणारी ट्रेन टाकतोय. बर्नाबीला मेट्रोटाउनजवळ रद्द करता येणारी जागा दिसतेय.

एकच शंका, १७ ला सकाळची ट्रेन घ्यावी की संध्याकाळची?

---

रुळावरचा

सकाळची. सकाळची रद्द झाली तर संध्याकाळची हातात असते. संध्याकाळची रद्द झाली तर रात्री बस शोधत बसावं लागेल, आणि १८ ला दुपारी तीनला कॅनडाचा सामना आहे. २३ ला खाली येतानाही तोच हिशोब लावा, फक्त ती गाडी पहाटेची आहे. साडेसहाच्या सुमाराला सुटते, म्हणजे साडेपाचला पॅसिफिक सेंट्रलला. मेट्रोटाउनहून एक्स्पो लाइनने मेन स्ट्रीट-सायन्स वर्ल्डला उतरलात की स्टेशन समोरच आहे, पण एवढ्या पहाटे पहिली स्कायट्रेन किती वाजता हे आदल्या रात्री बघून ठेवा. चौघे आणि चार बॅगा असतील तर सरळ टॅक्सी सांगा.